लघुग्रहाची उष्णता मोजून त्याचा आकार कसा काढतात?

२०२५च्या सुरुवातीला एका लघुग्रहाने बातम्यांमध्ये चांगलंच ठाण मांडलं होतं. त्याचं नाव २०२४ वायआर४. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने तो टिपला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता वाढत वाढत १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर गेली, आणि पुढच्या काही दिवसांत झपाट्याने खाली येऊन पृथ्वीपुरती मिटली. सगळी चर्चा या टक्क्यांभोवतीच फिरली. त्याच बातम्यांत आणखी एक आकडा असायचा, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही: व्यास ४० ते ९० मीटर.

खरा बुचकळ्यात टाकणारा आकडा हा आहे. व्यास सव्वादोन पट झाला की घनफळ अकरा पटींहून जास्त वाढतं, म्हणजे एकाच बातमीत दोन अगदी वेगवेगळ्या ताकदीचे दगड एका ओळीत बसवलेले होते. १९०८ साली सायबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरातलं सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवं करणारी वस्तू साधारण ५०-६० मीटरची असावी, असा अंदाज आहे. त्या मापाने पाहिलं तर ४० आणि ९० यांतला फरक किरकोळ नाही.

मग २६ मार्चला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने वायआर४कडे पाहिलं आणि उत्तर आलं: सुमारे ६० मीटर, फार तर सात मीटर इकडे-तिकडे. तोवर लघुग्रह पृथ्वीपासून आणखी लांब गेला होता आणि आणखी अंधुकही झाला होता. तरी त्याचं माप आधीपेक्षा नेमकं कळलं, कारण वेबने त्याच्यावरून परतणाऱ्या उन्हाबरोबर त्याची स्वतःची उष्णताही मोजली.

नुसत्या उजेडावरून आकार का कळत नाही

बहुतेक लघुग्रह मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपक्यासारखे दिसतात. ठिपक्याला रुंदी नसते, फक्त तेज असतं. तेव्हा हाताशी एकच मोजमाप उरतं: हा ठिपका किती उजळ आहे? आणि इथेच घोळ होतो. संध्याकाळी अंधारून आल्यावर लांबून चालत येणाऱ्या माणसाचा पांढरा सदरा चटकन नजरेत भरतो आणि काळ्या कपड्यातला धिप्पाड माणूस जवळ येईपर्यंत दिसत नाही. उजळ दिसतो तो मोठा, असं म्हटलं की फसायला होतं.

लघुग्रहांतही असे काळे आणि पांढरे सदरे आहेत. पडलेल्या प्रकाशापैकी किती प्रकाश पृष्ठभाग परत पाठवतो, त्या प्रमाणाला परावर्तनक्षमता म्हणू. कार्बनयुक्त लघुग्रहांची परावर्तनक्षमता तीन-चार टक्के इतकी कमी असू शकते, म्हणजे ते कोळशासारखे काळे. काही थोड्या लघुग्रहांची ती चाळीस टक्क्यांच्याही वर जाते. आता समजा, सारख्याच अंतरावरचे दोन लघुग्रह अगदी सारखे तेजस्वी दिसताहेत, पण एकाची परावर्तनक्षमता ४ टक्के आणि दुसऱ्याची ४० टक्के आहे. मग काळ्याचा व्यास उजळ्याच्या तिपटीहून जास्त आणि घनफळ तीसपटीच्या आसपास निघतं. वायआर४ची ती ‘४० ते ९०’ अशी ऐसपैस रेघ इथूनच आली होती. तेज माहीत होतं, रंग माहीत नव्हता.

ही अडचण जुनीच आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून ज्युसेप्पे पियात्झीने सेरेस हा लघुग्रह शोधला. दुर्बिणीतली त्याची इवलीशी चकती डोळ्याने मोजून विल्यम हर्शेलने व्यास सांगितला सुमारे २६० किलोमीटर. योहान श्रोटरने त्याच सेरेसला २,६०० किलोमीटरच्या वर नेऊन ठेवलं. आज आपल्याला माहीत आहे की सेरेस साधारण ९४० किलोमीटरचा आहे. त्या काळचे दोन निष्णात निरीक्षक आणि त्यांच्यात दहापट फरक! यात हर्शेलची गोष्ट मला विशेष मजेशीर वाटते. सेरेसचा शोध लागण्याच्या वर्षभर आधी, १८०० साली, त्यानेच लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे तापमापी ठेवला होता आणि पारा चढताना पाहिला होता. आज ज्याला अवरक्त प्रारण म्हणतात ते हेच. लघुग्रह मोजायची किल्ली त्याच्याच हातात होती, पण ती वापरता येईल अशी साधनं यायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं जावी लागली. १९७० साली पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून वेस्टा या लघुग्रहाची उष्णता मोजून त्याचा व्यास काढला गेला, तिथून ही पद्धत रुळली.

उष्णता वेगळं काय सांगते

लघुग्रहावर पडलेल्या उन्हाचं दोनच प्रकारे काही होतं. काही भाग परत फेकला जातो, उरलेला शोषला जातो. शोषलेला भाग कायमचा साठून राहत नाही, तो अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतो. काळा लघुग्रह जवळजवळ सगळं ऊन शोषतो. उजळ लघुग्रह जास्त प्रकाश परत फेकतो खरा, पण तोही बहुतांश शोषतोच. त्यामुळे परावर्तित प्रकाश दहापट बदलला तरी बाहेर पडणारी उष्णता त्या मानाने थोडीच बदलते. ती प्रामुख्याने पृष्ठभाग किती मोठा यावर ठरते. सदरा कुठलाही असो, अंगाची ऊब शरीराच्या मापाने येते.

एकदा उष्णतेवरून व्यास हाताला लागला की दृश्य प्रकाशातल्या तेजाशी त्याची सांगड घालून परावर्तनक्षमताही काढता येते.

इथे एक शंका हमखास येते. लघुग्रह तर गारठलेले, त्यांच्यातून कसली उष्णता यायची? तापमान निरपेक्ष शून्याच्या वर असलेली प्रत्येक वस्तू काही ना काही प्रारण सोडते. किती गरम त्यावर ते कुठल्या तरंगलांबीला सर्वांत जास्त असेल हे ठरतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसचा, म्हणून त्याचा भर अर्ध्या मायक्रॉनपाशी, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृथ्वीजवळच्या लघुग्रहाचा उन्हातला भाग साधारण आपल्याकडच्या हवेइतकाच उबदार असतो आणि दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त उजळतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात तापमान उणे शंभर सेल्सिअसच्या घरात, तिथे हा आकडा पंधरा-वीस मायक्रॉनकडे सरकतो. नेपच्यूनपलीकडच्या गोळ्यांसाठी तर साठ-सत्तर मायक्रॉनच्याही पुढे जावं लागतं. २००९ ते २०१३ या काळात काम केलेल्या, हर्शेलचंच नाव दिलेल्या युरोपीय अवकाश दुर्बिणीने अशा शंभराहून जास्त दूरस्थ गोळ्यांची उष्णता मोजली.

दुर्बीण अवकाशातच का न्यायची?

खर्च पाहता हा प्रश्न रास्त आहे. पहिली अडचण हवेची. वातावरणातली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचे बरेच पट्टे गिळून टाकतात. मधल्या काही फटींतून काम भागवता येतं. हवाईतल्या मौना केआवर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर नासाची तीन मीटर आरशाची अवरक्त दुर्बीण १९७९पासून तेच करते आहे.

दुसरी अडचण जास्त जाचक आहे. दहा मायक्रॉनला आपली हवा, दुर्बिणीचा आरसा, भोवतालचा सांगाडा, सगळंच उजळून निघतं, कारण त्यांचं तापमानही लघुग्रहाइतकंच असतं. तिथे रात्रही रात्र राहत नाही. म्हणून दुर्बीण हवेबाहेर न्यायची आणि तिलाच कडक थंड ठेवायचं.

अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून २५ जानेवारी १९८३ रोजी सोडलेला आयरास हा उपग्रह द्रवरूप हेलियमने थंड ठेवला होता. हेलियम दहा महिने पुरला. तेवढ्यात सुमारे दोन हजार लघुग्रहांचे व्यास हाती आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या निरीक्षणांतून फेथॉन सापडला, अवकाशयानाने शोधलेला पहिला लघुग्रह. दर डिसेंबरात दिसणाऱ्या मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाचा उगम हाच फेथॉन.

डिसेंबर २००९मध्ये सोडलेला वाइज हा उपग्रह आयरासचा थोर वारसदार. आरसा जेमतेम ४० सेंटिमीटरचा, घरच्या घरी हौसेने आकाश पाहणाऱ्यांकडेही असतो तेवढा. पण तो गोठलेल्या हायड्रोजनने थंड केलेला होता आणि ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन अशा चार पट्ट्यांत पाहायचा. दर अकरा सेकंदांना एक चित्र, आणि आकाशाचा तोच तुकडा पुढच्या कक्षांमध्ये पुन्हा पुन्हा. साधारण दीड दिवसात एकाच लघुग्रहाची दहा-बारा चित्रं जमायची. तारे जागच्या जागी आणि एक ठिपका चित्रागणिक पुढे सरकलेला, की समजायचं हा आपल्या सूर्यमालेतला. १२ मायक्रॉनच्या चित्रांत तर काम आणखी सोपं. तारे इतके तप्त असतात की त्यांचा भर दृश्य आणि त्यालगतच्या प्रकाशात असतो आणि या पट्ट्यात ते फिके पडतात. उलट साध्या दुर्बिणीत न दिसणारा काळाकुट्ट लघुग्रह इथे ठसठशीत उमटतो.

२०१०मध्ये हायड्रोजन संपला आणि दोन लांब तरंगांचे पट्टे गेले. उरलेल्या दोन पट्ट्यांवर थोडे महिने काम चाललं, मग यान निद्रिस्त केलं गेलं. २०१३च्या डिसेंबरात त्याला पुन्हा जागं केलं ते नियोवाइज या नावाने आणि फक्त पृथ्वीजवळच्या वस्तू शोधण्यासाठी. जुलै २०२०मध्ये नुसत्या डोळ्यांना दिसलेला नियोवाइज धूमकेतू त्यानेच २७ मार्च २०२० रोजी शोधला होता. ऑगस्ट २०२४मध्ये काम थांबलं आणि नोव्हेंबरात यान वातावरणात शिरून जळून गेलं. सहा-सात महिन्यांच्या मुख्य मोहिमेसाठी पाठवलेल्या यानाने एवढं राबावं, ही वसुली चोख म्हणायची.

व्यास मोजला, की हिशोबाने काढला?

हिशोबाने काढला. बातम्यांत हा फरक पुसला जातो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं.

दुर्बिणीला कळतं ते एवढंच की या ठिपक्याकडून अमुक तरंगलांबीला इतकी ऊर्जा आली. तिथून व्यासापर्यंत पोचायचं तर पृष्ठभागावर तापमान कसं पसरलंय हे गृहीत धरावं लागतं. लघुग्रह सावकाश फिरत असेल तर उन्हाकडची बाजू तापलेली आणि रात्रीची बाजू गार. भराभर फिरत असेल तर ऊब सगळीकडे सारखी वाटली जाते. आपण त्याच्या पूर्ण उजळ बाजूकडे पाहतोय की अर्ध्या, पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत, यानेही फरक पडतो. १९९८ साली ॲलन हॅरिस यांनी मांडलेलं एक प्रारूप आजही सर्रास वापरलं जातं. त्यात या साऱ्या अज्ञात गोष्टी एका जुळवणीच्या आकड्यात गुंडाळलेल्या असतात. लघुग्रह गोल आहे असंही ते धरून चालतं, आणि लहान लघुग्रह तर क्वचितच गोल असतात.

सगळं जुळून आलं तर व्यासातली चूक दहा टक्क्यांच्या आसपास राहते. एरवी ती वाढते. अपोफिसचं उदाहरण घ्या. १३ एप्रिल २०२९ रोजी हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, त्यामुळे त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. २०१३मध्ये हर्शेल अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या निरीक्षणांवरून त्याचा व्यास ३२५ मीटर निघाला. पुढची निरीक्षणं मिळवून सविस्तर हिशोब केल्यावर तो ३७५ झाला, आणि रडारने ३४० सांगितलं. यात कुणी हलगर्जीपणा केला नव्हता. या पद्धतीची पकड एवढीच आहे.

वाद जाहीरपणेही झाले आहेत. मायक्रोसॉफ्टचे माजी मुख्य तंत्रज्ञ नेथन मिरवोल्ड यांनी २०१६पासून नियोवाइजच्या सांख्यिकी पद्धतीवर कडाडून टीका केली. सांगितलं जातं त्याहून चूक बरीच मोठी आहे, असं त्यांचं म्हणणं. नियोवाइजच्या चमूने ते फेटाळलं. अशा वादात मला तरी एकच कसोटी भरवशाची वाटते: उष्णतेशी संबंध नसलेल्या मार्गाने तोच लघुग्रह मोजून पाहायचा. त्याचे तीन मार्ग आहेत. रडार, पण त्याचा प्रतिध्वनी अंतर दुप्पट झालं की सोळापट क्षीण होतो, म्हणून तो जवळच्यांपुरताच. दुसरा, लघुग्रह एखाद्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा तारा किती सेकंद विझतो हे वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजणं. आणि तिसरा, सरळ यान पाठवणं.

बेन्नूने केलेली फजिती

यान पाठवल्यावर काय होतं, ते बेन्नू या लघुग्रहाने दाखवलं. उष्णतेवरून किती सांगता येतं आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचा इतका चांगला धडा दुसरा नाही.

आधी एक कल्पना. ऊन उतरल्यावर वाळू पटकन गार होते आणि कातळ बराच वेळ ऊब धरून ठेवतो. तापमानातला बदल रोखण्याच्या या गुणाला औष्णिक जडत्व म्हणतात. लघुग्रह फिरताना त्याची दुपार आणि रात्र यांत किती फरक पडतो हे अवरक्तात मोजलं की पृष्ठभागावर धूळ आहे, खडी आहे की खडक, याचा अंदाज बांधता येतो. वायआर४च्या बाबतीतही वेबच्या निरीक्षणांतून असाच निष्कर्ष निघाला, की त्यावर बारीक वाळू नसावी, मुठीएवढे किंवा त्याहून मोठे दगड असावेत.

बेन्नू साधारण ४९० मीटरचा. २००७ साली स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली आणि औष्णिक जडत्व निघालं मध्यम, कातळाच्या मानाने बरंच कमी. अर्थ लावला गेला की पृष्ठभागावर सेंटिमीटरच्या मापाची बारीक खडी पसरलेली असणार. रडारलाही दहा-वीस मीटरचा एखादाच मोठा धोंडा जाणवला होता. तेव्हा ओसायरिस-रेक्स यानाची आखणी करताना धरलं गेलं, की सुमारे ५० मीटर रुंदीची मोकळी जागा सापडेल आणि तिथे यान अलगद टेकवून नमुना उचलता येईल.

३ डिसेंबर २०१८ रोजी यान पोचलं. समोर होता धोंड्यांचा ढिगारा. दहा मीटरहून मोठे धोंडेच दोनशेच्या वर. खडीचा किनारा शोधायला गेलेल्यांना पाय ठेवायला जागा मिळेना.

स्पिट्झरचं मोजमाप चुकलं होतं का? अजिबात नाही. यानावरच्या उपकरणाने जवळून मोजल्यावरही औष्णिक जडत्व जवळपास तेवढंच आलं. चुकला तो अर्थ. बेन्नूवरचे धोंडे आपल्या परिचयाच्या कातळासारखे भरीव नाहीत, ते सच्छिद्र आहेत. आतल्या पोकळ्यांमुळे उष्णता आत शिरत नाही आणि साठतही नाही, म्हणून दुरून पाहणाऱ्याला तो धोंडा खडीच्या ढिगासारखा भासतो. त्याच सुमारास जपानच्या हायाबुसा-२ यानाने रयुगू लघुग्रहावर हेच पाहिलं होतं. त्याच्या औष्णिक कॅमेऱ्यात मोठे धोंडे भोवतालच्या जमिनीहून वेगळे उठून दिसायला हवे होते, ते तिच्याइतक्याच तापमानाचे निघाले.

बेन्नूवर शेवटी १६ मीटर रुंदीची जागा निवडावी लागली. तिथे उतरण्यासाठी यानाला पृष्ठभागाच्या खुणा ओळखून स्वतःच मार्ग सुधारायला लावावं लागलं. २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात टेकला, आणि पृष्ठभाग इतका विसविशीत की तो सुमारे अर्धा मीटर आत गेला. नमुना मात्र भरपूर मिळाला: किमान ६० ग्रॅमची अपेक्षा होती, २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात उतरलेल्या कुपीतून १२१.६ ग्रॅम निघाला.

हीच उष्णता कक्षाही सरकवते

बाहेर पडणारं प्रारण लघुग्रहाला अगदी किंचित मागे रेटतं. लघुग्रह स्वतःभोवती फिरत असल्याने त्याचा सर्वांत तापलेला भाग भर दुपारचा नसतो, थोडा कलत्या दुपारचा असतो. त्यामुळे हा रेटा नेमका सूर्याच्या रेषेत न लागता थोडा तिरपा लागतो आणि वर्षानुवर्षं साठून कक्षा बदलतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी ही कल्पना मांडणाऱ्या अभियंत्यावरून याला यार्कोव्हस्की परिणाम म्हणतात.

गोलेव्का या लघुग्रहावर तो २००३ साली प्रत्यक्ष मोजला गेला. १९९१पासूनच्या बारा वर्षांत तो अपेक्षित जागेपासून १५ किलोमीटर सरकलेला रडारला आढळला. बेन्नूची कक्षा या कारणाने दर वर्षी सुमारे २८४ मीटर आत सरकते. आकडा चिमुकला वाटतो. पण २४ सप्टेंबर २१८२ रोजी बेन्नू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २,७०० मध्ये एक आहे, हे गणित त्या २८४ मीटरांशिवाय मांडताच येत नाही. शतकभराच्या पुढचं भाकीत करायचं तर लघुग्रह दुपारी किती तापतो हे माहीत असावं लागतं.

दगड कसला आहे, तेही कळतं

आतापर्यंत गोष्ट लघुग्रहाच्या स्वतःच्या उष्णतेची होती. एक ते चार मायक्रॉनच्या पट्ट्यात अजून परावर्तित ऊनच जास्त असतं, पण त्यात खनिजांच्या खुणा उमटतात. एक आणि दोन मायक्रॉनपाशी प्रकाश खाल्लेला दिसला तर पायरोक्सीन नावाचं खनिज, तीन मायक्रॉनपाशी दिसला तर पाण्याशी संयोग झालेली खनिजं. वेस्टाच्या अशाच खुणा पृथ्वीवर पडलेल्या एका विशिष्ट जातीच्या अशनींशी जुळल्या. ते वेस्टाचेच तुकडे असावेत हे त्यातून पुढे आलं.

धूमकेतूंच्या बाबतीत तर अवरक्ताला पर्यायच नाही. कार्बन डायऑक्साइडची मुख्य खूण ४.३ मायक्रॉनला येते आणि तोच वायू आपल्या हवेत असल्याने जमिनीवरून ती दिसत नाही. १ जुलै २०२५ रोजी सापडलेल्या ३आय/अ‍ॅटलास या सूर्यमालेबाहेरून आलेल्या धूमकेतूबद्दल नाही नाही त्या वावड्या उठल्या. वेबने त्याच्याकडे ६ ऑगस्टला पाहिलं, तेव्हा त्याच्याभोवतीच्या वायूत पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड आढळला. वावड्यांपेक्षा हे कितीतरी जास्त विलक्षण आहे, पण त्याच्या मथळ्यांना तेवढी धार नव्हती.

आणि काहीच दिसलं नाही तर?

तेही उपयोगी पडतं. २०१७च्या ऑक्टोबरात सापडलेल्या, सूर्यमालेबाहेरूनच आलेल्या ओमुआमुआ या वस्तूकडे स्पिट्झरने नोव्हेंबरात सुमारे तीस तास रोखून पाहिलं आणि हाती काही आलं नाही. दृश्य प्रकाशात दिसणारी वस्तू उष्णतेत दिसत नाही, म्हणजे ती मोठी आणि काळी असू शकत नाही. मोठी असती तर ऊब जाणवली असती. ती लहान आणि बऱ्यापैकी उजळ असली पाहिजे. कमाल मर्यादा कुठल्या गृहीतकावर विसंबता त्यानुसार शंभर मीटरच्या आसपासपासून साडेचारशेपर्यंत बदलते, पण मोठ्या काळ्या गोळ्याची शक्यता तरी खोडली गेली.

रुबिनसारखी दुर्बीण असताना याची गरज काय?

चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५मध्ये पहिली चित्रं दाखवली. जेमतेम दहा तासांच्या निरीक्षणांत दोन हजारांहून जास्त नवे लघुग्रह सापडले. मग आणखी एका अवरक्त दुर्बिणीवर पैसा का घालायचा? कारण रुबिन दृश्य आणि त्यालगतच्या प्रकाशात पाहते. तिच्याकडून कक्षा उत्तम कळतील, आकार मात्र पुन्हा ‘इतके ते इतके’ असेच येतील. शिवाय ती रात्री पाहते, म्हणजे सूर्याजवळचं आकाश तिच्या वाट्याला फारच थोडं येतं.

अमेरिकी संसदेने २००५ साली नासाला काम दिलं होतं की पृथ्वीजवळचे १४० मीटरहून मोठे लघुग्रह नव्वद टक्के शोधून काढा. असे सुमारे २५ हजार असावेत असा अंदाज आहे, आणि निम्मेही अजून सापडलेले नाहीत. त्यासाठी ५० सेंटिमीटर आरशाची निओ सर्व्हेयर ही दुर्बीण तयार होते आहे. प्रमुख शास्त्रज्ञ एमी मेंझर, ज्यांनी नियोवाइजचीही धुरा वाहिली होती. सप्टेंबर २०२७ किंवा त्यानंतर ती सुटेल आणि पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर ठाण मांडेल. तिला हेलियम किंवा हायड्रोजन लागणार नाही. सावली धरणारी ढाल आणि उष्णता अवकाशात सोडून देणारी रचना एवढ्यावर ती थंड राहील, म्हणजे शीतक संपला आणि काम अडलं असं होणार नाही. चार ते दहा मायक्रॉनच्या दरम्यान दोन पट्ट्यांत पाहायचं, हे पृथ्वीजवळच्या उबदार लघुग्रहांना बरोबर जुळणारं माप.

ती सूर्यापासून ४५ अंशांपर्यंत डोकावू शकेल. त्याच्याही आत मात्र नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला, सुमारे २० मीटरचा आणि दीड हजारांच्या आसपास माणसांना जखमी करणारा दगड सूर्याच्याच बाजूने आला होता आणि कुणालाच आधी दिसला नव्हता. एवढ्या लहान दगडांसाठी निओ सर्व्हेयर बनवलेलीही नाही. युरोपीय अवकाश संस्था निओमिर नावाच्या मोहिमेचा आराखडा तपासते आहे. तीही अवरक्तातली, त्याच १५ लाख किलोमीटरवरच्या जागेची, पण सूर्याच्या आणखी जवळच्या आकाशाकडे वळलेली आणि २० मीटरच्या दगडांवर नजर ठेवणारी. ती उडालीच तर पुढच्या दशकात.